मीटरवाल्याचे पाय

हॅलो?… हो, मीच. जिवंत आहे, म्हणून तर उचलला.

…तुझ्या दादाचे नऊ कॉल दिसतायत मला. डोळे शाबूत आहेत माझे. मुद्दामच नाही उचलले. तुझा उचलला, कारण तू लांब आहेस. तुला गाडी काढून इथे येता येणार नाही.

…बाहेर आहे… हो, बाबा पण. दोघंही… अगं ऐक ना. आधी तू कुठे आहेस? ऑफिसात? मग जिन्यात जा. तुझ्या साहेबासमोर किंचाळू नकोस.

…गेलीस? बरं. आता बोल.

…कुलूप तोडलं? कोण म्हणतं?… छे. मी काय दरोडेखोर आहे तोडायला. किल्ली सात महिने माझ्याच कमरेला आहे. दादा आणि वहिनी सकाळी कामाला गेले, मी किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि तुझ्या बाबांना म्हटलं, अहो, चला. एवढंच झालं. त्यात तोडफोड कुठे आली?

…खालच्या बाईने फोन केला दादाला? वाटलंच. ती खिडकीत बसूनच आयुष्य काढणार. चौदा पायऱ्या उतरायला आम्हाला अर्धा तास लागला, तो अर्धा तास पडद्याआडून बघत होती. खाली येऊन हात द्यावासा नाही वाटला तिला. फोन करावासा वाटला.

…हो, अर्धा तास. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग दम खायचा, मग पुढची. मध्येच थांबून मला म्हणाले, जिना कुणी वाढवला?… हसू नकोस. मला पण आलं होतं हसू. पण मग ते थरथरायला लागले, तेव्हा गेलं.

…नाही सांगणार कुठे आहोत ते. तू दादाला सांगणार, तो येणार, मागचं दार उघडून त्यांना आत कोंबणार… कोंबणारच. दवाखान्यात नेताना मी पाहिलंय. डोक्यावर हात ठेवून खाली दाबतो, पोलीस चोराला घालतात तसा.

…एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलोय. दुकान कसलं ते विचारू नकोस. पाटी वाचत नाही मी.

…ते? बिस्किट खातायत. बरे आहेत. पायजमा ओला झालाय… हो, चालता चालताच. मग काय करू? वाळेल. ऊन आहे… अगं, लाज कसली? लाजायचं ते त्यांनी लाजावं, आणि ते लाजत नाहीयेत. छान बसलेत.

…त्यांच्या पायात माझ्या रबरी चपला आहेत. पाय सुजलेत, बूट चढेनात. बूट मी घातलेत. हो, त्यांचे, कॅनव्हासचे. पुढे फडकं कोंबलंय. बघणारा बघेल. आम्ही काय वरातीत निघालो नाही.

…काय?… कटर चालवतंय कुणीतरी. लोखंड कापतायत. ऐकू येतंय तुला? मोठ्याने बोलते मग.

…हे बघ, उद्याचं मी विसरलेले नाही. विसरण्याचा आजार त्यांना आहे, मला नाही. उद्या अकरा वाजता त्या वृद्धांच्या केंद्राची गाडी येणार आणि त्यांना घेऊन जाणार. दादाची सही झालीय. तू तिथून फोनवर बोट फिरवून केलीस. माझी राहिलीय. बायकोच्या सहीशिवाय ते नेत नाहीत. तेवढी अक्कल आहे त्यांना… तर ऐक. मी एक ठरवून निघालेय. आज तुझे बाबा स्वतःच्या पायांनी घरी परत आले तर मी सही करणार नाही. नाही आले, पाय खरंच गेले असतील, तर दादाला मीच फोन करून बोलावीन आणि संध्याकाळी मुकाट्याने सही करीन. कुणाला एक शब्द बोलणार नाही.

…पैज म्हण हवं तर. माझी माझ्याशी.

…वेडेपणा? असेल. तुम्ही केलंत ते शहाणपण, मी करते तो वेडेपणा. चालेल मला.

…हो गं हो, केंद्र चांगलं आहे. मी जाऊन पाहिलंय ना. फरशी इतकी स्वच्छ की चालायची भीती वाटावी. म्हणूनच कुणी चालत नव्हतं. बावीस माणसं मोजली मी. बावीस खुर्च्या, समोर एक टीव्ही. खुर्चीला पुढून फळी असते, ती अडकवली की उठता येत नाही. मी त्या नर्सबाईला विचारलं, ही फळी कशाला? म्हणाली, जेवणाचं ताट ठेवायला. ताट तर कुणापुढेच नव्हतं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

…पडतील म्हणून. हो, तेच कारण सांगितलं तिने. पडतील. सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द. माणूस पडेल म्हणून त्याला बसवा, बसून बसून पाय जातील, पाय गेले की मग म्हणा, बघा, आता तर उभंही राहता येत नाही.

…एक मिनिट. अहो, तो कागद नका खाऊ. कागद काढायचा आधी. आणा इकडे… हां. घ्या आता.

…बोल.

…चाचणीचं काय सांगतेस मला? त्या चाचणीला मीच नेलं होतं त्यांना. डॉक्टरकडे एक पोरगी होती, शिकाऊ, तिने कागद दिला आणि म्हणाली, आजोबा, घड्याळ काढा. त्यांनी शेजारी शेजारी पाच गोल काढले. एका गोलात आकडे उजवीकडून, पुढच्या गोलात डावीकडून, परत उजवीकडून. पाच गोलांत पाच काटे. तिने दादाकडे पाहिलं, दादाने खाली पाहिलं. झालं. शून्य गुण. मेंदू गेला.

…अगं, ते मीटर होतं. जुनं मीटर. पाच तबकड्यांचं. एक काटा असा फिरतो, शेजारचा उलटा फिरतो, तशीच यायची ती. एकतीस वर्षं ह्या माणसाने रोज दोनशे घरांत जाऊन त्या उलट्यासुलट्या तबकड्या वाचल्या, आणि ती पोरगी त्याला घड्याळ काय काढायला सांगते? मी म्हटलं त्या पोरीला, की अगं, हे विजेच्या कंपनीत मीटर वाचायचे. ती म्हणाली, आजी, तुम्ही बाहेर बसा. दादाही म्हणाला, आई, तू बाहेर बस. मग बसले बाहेर.

…मी असं कुठे म्हटलं की त्यांना काही झालेलं नाही? झालंय. दोन वर्षं बघतेय मी. चहात मीठ टाकतात, माझ्या भावाला माझा बाप समजतात. ते मला ठाऊक आहे, तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. पण मागच्या वर्षीपर्यंत सकाळी सातला निघायचे, जुनी फेरी करायचे आणि एकला घरी परत यायचे. घड्याळ लावावं असे. गल्ली चुकली नाहीत कधी. घरी मला कधी म्हणाले नाहीत, तू कोण? मला ओळखायचे. तुला विसरायचे.

…लागलं? लागू दे.

…हरवले नव्हते ते. कितीदा सांगू. फेरीतल्या एका घरात नवीन भाडेकरू आले होते. ह्यांनी नेहमीसारखं फाटक उघडलं, जिन्याखालचं मीटर बघायला वाकले. ती बाई ओरडली. माणसं जमली. कॉलर धरली त्यांची. साठीच्या माणसाने धरली, तो स्वतः म्हातारा. दादाला ऑफिसातून बोलावून घेतलं. दादाचं नाक कापलं गेलं, एवढंच खरं. बापाची कॉलर फाटली ते घरी आल्यावर मी पाहिलं, त्याला दिसलं पण नाही. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी कुलूप.

…आज?… आज आम्ही सात घरं चाललो. सातच. मधल्या तीन घरांशी थांबले. आता मीटरं फाटकाशी पेटीत असतात, आकडे लुकलुकतात, वाचायलाही कुणी येत नाही म्हणतात, कंपनीला परस्पर कळतं. पण ह्यांनी पेटीच्या काचेला नाक लावलं. पुढे चालले. परत नाक लावलं. तिसऱ्या घरानंतर कोपऱ्यावर उभे राहिले आणि मला आकडे सांगायला लागले, जसं काही मी वही घेऊन उभी आहे. कामावर असताना तसंच करायचे. दारात लिहायचे नाहीत. चार घरं डोक्यात ठेवायची आणि कोपऱ्यावर उभं राहून लिहायची. त्यात मोठेपणा वाटायचा त्यांना. बाकीचे दर दारात वही काढतात, म्हणायचे, ह्यांची डोकी काय टोपी घालायला दिलीत?

…हो. पाहिलं ना मी, परत जाऊन पेट्या पाहिल्या. दोन आकडे बरोबर होते. तिसरा नाही. तिसऱ्याला त्यांनी आपला फोन नंबर सांगितला, जुन्या घरचा… नाही, चमत्कार वगैरे काही झालेला नाही. मी कुठे म्हणतेय चमत्कार? दोन. तिनात दोन. घरात सात महिने त्या खुर्चीत त्यांनी एक आकडा तोंडातून काढला नव्हता.

…कोण?… नाही, तुझ्याशी नाही. इथल्या बाई आहेत. नको हो ताई, पाणी आहे आमच्याकडे… नाही, नाही, चक्कर नाही आली. बसलोय जरा… हो, चालायला निघालोय… हो, ह्या चपला माझ्याच.

…गेली. भली बाई आहे. खिडकीतली नाही.

…काल काय झालं ते सांगते, मग तू बोल. दादा म्हणाला, केंद्राला द्यायला बाबांचे कागद काढून ठेव. मी फाइल काढली. डॉक्टरच्या कागदाचं पहिलं पान तर घरात सगळ्यांना पाठ आहे. वहिनीने प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवलंय. एकट्याने बाहेर सोडू नये. खाली दोन रेघा. त्या दोन रेघा पण वहिनीच्याच. फाइलीत त्याला दुसरं पान होतं, टाचणी लावलेलं. डॉक्टरचं अक्षर, मला कुठलं लागणार. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेले. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि वाचून दाखवलं. रोज चालवणे. घरचं माणूस सोबत हवं. शक्यतो ओळखीच्या रस्त्यावर. बसवून ठेवू नये. चालल्याने गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकायला मदत होते. असं लिहिलंय. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. मागे गिऱ्हाइकं उभी होती, ती पण ऐकत होती.

…हो, मला पण तेच म्हणायचंय, की दादाच्या नजरेतून सुटलं असेल. कामाच्या गडबडीत… हो… हो, वहिनीला सकाळची पाळी, दादाला संध्याकाळी सातशिवाय येता येत नाही, कबूल. सगळं कबूल…

…काय म्हणालीस?

…नाही, त्याच्या आधी. रोज किती?

…चाळीस मिनिटं कोण देणार. असं म्हणालीस तू आत्ता.

…मी चाळीस म्हटलं नाही, बाई.

…नाही म्हटलं. मी फक्त रोज म्हटलं. चाळीस मिनिटं कागदावर आहे आणि कागद माझ्या पिशवीत आहे. तुला चाळीस कुठून कळलं?

…हॅलो?

…आहेस तू. जिन्यातलं दार वाजलेलं ऐकलं मी.

…फोटो. दादाने फोटो पाठवला होता. केव्हा?… सात महिन्यांपूर्वी. म्हणजे त्याच दिवशी. म्हणजे मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि तुम्ही दोघं…

…रडू नकोस. आधी बोल. काय ठरलं होतं तुमचं?… मोठ्याने बोल, तो कटर चालू आहे.

…आईला सांगायला नको. बरं. का?… ती हट्टाला पेटेल. एकटीच त्यांना घेऊन निघेल. दोघंही पडतील. मग दोघांचं करावं लागेल… दोघांचं. हां. हे खरं बोललीस. एवढ्या वेळात हे एक खरं बोललीस. एक म्हातारा झेपतो, दोन झेपत नाहीत.

…नाही, मला बोलू दे आता. सात महिने तू बोललीस. रविवारी रविवारी. आई, बाबा शांत आहेत ना? आई, बाबा त्रास देत नाहीत ना? शांत आहेत, म्हणायचे मी. शांतच होते. भिंतीसारखे. तू रोज सकाळी पाच किलोमीटर पळतेस. मनगटाला तो पट्टा. घामेघूम झालेला फोटो टाकतेस, आम्ही अंगठे दाखवतो. तूच मला सांगितलंस ना, आई, चालल्यापळाल्याने मेंदूला रक्त पुरतं, म्हातारपणी विसरायला कमी होतं. मला वाटलं, पोरगी किती शिकली. पस्तिसाव्या वर्षी स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज करतेय. आणि बापाला काय पाठवलंस? रंग भरायचं पुस्तक. मेंदूचा व्यायाम म्हणून. पहिल्याच पानावर हत्ती. त्यांनी हत्ती हिरवा केला, तर वहिनीने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि तू त्याखाली हसरं तोंड लावलंस. दुसऱ्या पानाला त्यांनी हात लावला नाही. मी समजत होते, विसरले. आता वाटतं, त्यांना कळलं असावं.

…प्रेमाने पाठवलंस. हो. कुलूपही प्रेमानेच लावलं दादाने. प्रेमाला कोण नको म्हणतंय? प्रेम बसून करता येतं. चालवायला उठावं लागतं.

…दादावर एकट्यावर नाही ढकलत मी. ऐक. मी काय म्हणतेय ते ऐक नीट, कारण परत म्हणणार नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. सुरुवातीला पहिले वीस दिवस ते दाराशी जाऊन उभे राहायचे. सकाळी सातला. कडी हलवायचे. मला म्हणायचे, अगं, उशीर होतोय. मी म्हणायची, आज सुट्टी आहे. वीस दिवस रोज सुट्टी. एकविसाव्या दिवशी उठलेच नाहीत खुर्चीतून. आणि मला… मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, सुटले. दुपारी झोप लागायला लागली मला. किती वर्षांनी. त्यांच्या हातात पाणी द्यायची, हातात जेवण द्यायची, जागच्या जागी कपडे बदलायची. पाच पावलांवर बाथरूम, तिथवर पण खुर्ची सरकवत न्यायची. लोक म्हणायचे, काय सेवा करतात. सेवा करून करून पाय काढून घेतले मी त्यांचे. त्या नर्सबाईच्या फळीला मी नाव ठेवतेय, आणि घरात फळी मीच होते.

…नको समजूत घालूस. समजूत घातली की मला परत झोप लागेल.

…हो, तो कागद आधी दिसला असता तर मी निघाले असते. हट्टाला पेटले असते. बरोबर ओळखलंत तुम्ही. म्हणूनच तर लपवला.

…किती वाजले?… बाप रे. तासभर बसलोय इथे. ऊन सरकलं.

…नाही, अजून उठले नाहीत. मगाशी दोनदा म्हटलं. उठायचं म्हणतात आणि मांडीवर हात ठेवून बसून राहतात. पाय नुसते कापतात. गुडघ्याला हात लावला तर… जाऊ दे.

…जिंकलात तर जिंकलात. तुम्हीच जिंकाल बहुतेक. थोडं थांब, दहा मिनिटं बघते. मग मीच सांगते कुठे आहे ते. दिलाय ना शब्द. माझा मलाच दिलाय, तो कुठे मोडणार.

…काय कापतायत मला काय माहीत? खिडक्यांचे गज असतील. तू का विचारतेस सारखं त्या आवाजाचं?

…थांब. थांब जरा. अहो… अहो, हळू. हात धरा माझा… नको म्हणतात. अगं, शटरला धरलंय त्यांनी. दोन्ही हातांनी. उठतायत. हॅलो, उठतायत ते… बोलू नकोस, काही बोलू नकोस.

…उठले.

…उभे आहेत. शटर सोडलं. पायजमा झटकला. झटकला गं, पूर्वी झटकायचे तसा… चालले. चाललेत. एक, दोन… अहो, तिकडे कुठे? घर इकडे आहे. अहो.

…उलटे चाललेत. घराकडे नाही. त्या पुढच्या घराकडे, निळ्या फाटकाच्या. त्यांच्या फेरीतलं पुढचं घर असणार ते.

…अगं, पैजेत घरी येणं होतं. घर तर पाठीमागे राहिलं. आता ह्याला मी काय म्हणू, सांग?

…आणि हा कोण?… दादा आहे. दादाची गाडी आहे ती. गल्लीच्या तोंडाशी. त्याला कसं कळलं?

…तू लिहिलंस त्याला. एका कानाने माझं ऐकत होतीस आणि बोटाने त्याला लिहीत होतीस. कटरचा आवाज, गजवाल्याची गल्ली. म्हणून विचारत होतीस… म्हणजे रडत होतीस तेव्हा पण लिहीतच होतीस?… असू दे. असू दे. सवय झालीय तुम्हाला, माझ्या मागे एकमेकांना लिहायची.

…उतरला. दार उघडं टाकून पळत येतोय. ए, दादा. तिथेच थांब. धावू नकोस. मागून जाऊन धरलंस तर दचकतील, दचकून पडतील ते… थांब म्हटलं ना. चालत ये. मागून. पाय आहेत ना तुला? मग चाल त्यांच्या मागून.

…थांबला. विजेच्या खांबाला धरून उभा आहे. तोंड पुसतोय… नाही, मी नाही रडत. मला वेळ नाही.

…फाटकाशी पोचले. पेटीला नाक लावलंय. इकडे बघतायत. मलाच बघतायत… हो, आले, आले.

…हॅलो, थांब. काहीतरी विचारतायत मला. काय हो?

…

…आहे. आहे मी फोनवर.

…काही नाही. विचारतायत, बाई, तुम्ही कुठल्या घरच्या?

…मला गं. मलाच. दुसरी कोण आहे इथे?

…नाही. मला कधीच विसरले नाहीत. काल रात्रीपर्यंत नाही. सकाळी जिन्यात पण माझं नाव घेतलं त्यांनी… सेहेचाळीस वर्षं होतील लग्नाला.

…गप्प बस जरा. मला उत्तर द्यायचंय त्यांना.

…साहेब, मी नवीन आहे. ऑफिसातून पाठवलंय मला. तुमच्याबरोबर फिरून काम शिकायला… हो, साहेब. आजपासून… नाही, वही नाही आणली. लक्षात ठेवीन.

…ऐकलंस ना?… म्हणाले, ठीक आहे, पण मागे रेंगाळू नका. अजून पुष्कळ घरं आहेत.

…सही? पैज मी मोडली. माझीच होती, मीच मोडली. दादाला सांग, केंद्राला कळव म्हणावं. नाही कळवलं तरी चालेल, उद्या अकराला गाडी येऊ दे. घरात कुणी असणार नाही. आम्ही फेरीवर असू. परवा पण. त्यांना बसायचं असेल तिथे बसू, पडायचं असेल तिथे पडू. मी असेन.

…नंतर बोल काय ते. ठेवते मी आता. वळून बघतायत. कामावर असताना फोनवर बोललेलं चालत नाही त्यांना.